दगडावर चढणारी गाडी : नायट्रो की बॅटरी? कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

काम असं ठरलं आहे. १:१० मापाच्या एकाच रॉक क्रॉलर (दगडांवर हळूहळू चढणारी रिमोटवरची छोटी गाडी) चेसीवर आधी नायट्रो इंजिन (मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या फ्युएलवर चालणारं छोटं इंजिन) बसवायचं आणि ठरावीक दगड चढून बघायचे. मग इंजिन उतरवून मोटर-बॅटरी बसवायची आणि पुन्हा तेच दगड चढायचे. जुन्या नायट्रो ट्रकचं इंजिन आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात पडलेलं असतं. "इंजिन आहेच, त्याचाच क्रॉलर करू" हा विचार कधी ना कधी येतोच. ज्यांना तो आला आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

चेसी पोलादी सी-चॅनेलची, व्हीलबेस ३१३ मिमी. पुढेमागे सॉलिड ॲक्सल आणि दोन्ही डिफरन्शियल कायमची लॉक, म्हणजे चारही चाकं सतत एकत्र फिरणार. रिम १.९ इंची, टायरचा बाहेरचा व्यास १२० मिमी. पहिली गिअरची जोडी १५ (छोटं, पिनियन) आणि ५६ (मोठा, स्पर) दात्यांची, गिअरबॉक्समध्ये २.८६, ॲक्सलमध्ये ८ आणि ३० दाते. सगळं गुणलं की एकूण रिडक्शन (वेग उतरवण्याचं प्रमाण) ४०:१. मोटर ४० वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. चेसी, ॲक्सल आणि गिअरबॉक्स मिळून १४,००० रुपये, टायर-रिम २,६००, २५ किलोचा स्टेअरिंग सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर, २५ किलो हा तिचा जोर) १,८००. रेडिओ जुनाच.

इंजिन .१५ मापाचं, म्हणजे सुमारे २.५ सीसी, दोरी ओढून सुरू करायचं.

जागा सासवडकडची. मित्राच्या मळ्याला लागून एक बंद पडलेली दगडखाण आहे. फोडलेला काळा बेसॉल्ट, धारदार कडा, वर मुरमाचा थर. चाचणीसाठी तीन जागा खडूने आखून ठेवल्या: एक सरळ पायरी, एक तिरका कातळ आणि एक कपार, जिच्यात पुढचं चाक अडकतंच. पुण्यातल्या टेकड्यांवर नायट्रो नेणार नाही. पहाटे तिथे माणसं मोकळ्या हवेसाठी येतात, त्यांच्या नाकाशी तेलकट धूर सोडणं बरोबर नाही.

११ जानेवारी

इंजिन बरीच वर्षं बंद होतं, पिस्टन जागेवर घट्ट. फ्युएलमधलं एरंडेल सुकून डिंकासारखं झालं होतं. दोरी ओढून जोर करायचा नाही, दोरीही तुटते आणि कनेक्टिंग रॉडही वाकतो. हेअर ड्रायरने हेड आणि क्रँककेस तापवलं, ग्लो प्लग (मिश्रण पेटवणारा) काढून वरून तेलाचे थेंब सोडले, फ्लायव्हील हाताने पुढेमागे हलवत राहिलो. अर्ध्या तासाने सुटलं. कार्ब्युरेटर पूर्ण खोलला आणि ओ-रिंगा नव्या टाकल्या. त्या रविवार पेठेत बोहरी आळीत सुट्ट्या मिळाल्या, पण मिथेनॉलच्या फ्युएलमध्ये प्रत्येक रबर टिकत नाही, त्यामुळे मापासोबत कशासाठी हवी तेही सांगून घ्या.

वरच्या टोकाला पिस्टन अजूनही किंचित आवळून फिरतो. या इंजिनात तसंच हवं, लायनर वर निमुळता असतो. तापल्यावर बरोबर बसतो.

१८ जानेवारी

इंजिन बसवायला ५ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट लेथवाल्या काकांकडून करून घेतली. क्लच बेल (क्लचची बाहेरची वाटी, तिच्यावरच गिअरचे दाते) १५ दात्यांची, मोटरच्या पिनियनचंच माप, त्यामुळे ५६चा स्पर गिअर तोच राहिला.

सगळं जोडून चाकं हवेत ठेवून चालवलं तर गाडी उलटी! मोटरच्या दोन वायर अदलाबदल केल्या की दिशा बदलते. इंजिन मात्र एकाच दिशेने फिरतं. त्याचं तोंड फिरवून बसवावं तर स्टार्टरची दोरी चेसीच्या पट्टीत अडकते. शेवटी क्लच बेल आणि स्पर यांच्यामध्ये एक आयडलर गिअर (दिशा उलटवणारा मधला गिअर) घालावा लागला. काकांनी ब्रॅकेट बघूनच विचारलं, "हा इतका जोरात फिरणार, मग याला बुश कशाला? बेअरिंग घाल." त्यांचं बरोबर होतं. दोन बेअरिंगवर बसवला. पहिली प्लेट, आयडलरचं ब्रॅकेट आणि पिन मिळून २,६०० रुपये.

नायट्रो क्रॉलरचा विचार करणाऱ्याने प्लेट कापायच्या आधी फिरण्याची दिशा कागदावर काढून बघावी. आमचा आठवडा यात गेला.

२६ जानेवारी

खाणीतला पहिला दिवस. इंजिन दोन ओढीत सुरू झालं, आयडलिंग स्वच्छ, सपाट मुरमावर गाडी छान पळाली. मग पायरी. थ्रॉटल हळूहळू दिला, गाडी दगडाला टेकून उभी राहिली, इंजिनाचा आवाज चढत गेला आणि मग एकदम झेप. पुढची चाकं पायरीवर, मागची हवेत, गाडी उताणी. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. हळू चढायचं म्हणून थ्रॉटल अर्ध्यावर धरून ठेवला तर क्लचमधून जळका वास यायला लागला. संध्याकाळी बेल उघडली. शू (क्लचचे आतले घासणारे तुकडे) काळेनिळे पडलेले, बेलच्या बेअरिंगमधलं ग्रीस वितळून बाहेर आलेलं, बेअरिंग खरखरतंय.

घरी येऊन आकडे मांडले. खरं तर या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच आकड्यांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नायट्रोचा क्लच सेंट्रिफ्यूगल असतो. इंजिन वेगाने फिरलं की शू बाहेर फेकले जातात आणि बेलला धरतात. त्याखालच्या वेगाला इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटलेला असतो. आमचा क्लच कुठे धरतो ते मोबाईलवर आवाजाची वारंवारता दाखवणाऱ्या ॲपने मोजलं. टू-स्ट्रोक इंजिन दर फेरीला एकदा पेटतं, म्हणून हर्ट्झचा आकडा गुणिले ६० म्हणजे आरपीएम. पूर्ण पकड सुमारे २०० हर्ट्झला, म्हणजे १२,००० आरपीएमला.

१२,००० भागिले ४० म्हणजे चाक मिनिटाला ३०० फेऱ्या. टायरचा परीघ ०.३७७ मीटर. मिनिटाला ११३ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ६.८ किलोमीटर. झपाझप चालणाऱ्या माणसाचा वेग! आणि क्लच पूर्ण धरलेला असताना हा या गाडीचा सगळ्यात कमी वेग आहे. याहून हळू जायचं तर क्लच घसरवतच जायचं, म्हणजे इंजिनाची ताकद शूच्या उष्णतेत घालवायची. क्रॉलर दगडावर ताशी अर्धा-एक किलोमीटरने चालतो, कित्येकदा तर जागेवर उभा राहून जोर लावतो. तशी ताशी १ किलोमीटरची चाल क्लच न घसरवता हवी असेल तर रिडक्शन २७०:१ लागेल.

२ फेब्रुवारी

फक्त इंजिन ट्यून केलं. आयडल खाली आणलं की क्लच सुटा राहतो हे खरं, पण बराच वेळ आयडलवर ठेवलं की क्रँककेसमध्ये न जळलेलं फ्युएल साचतं. मग थ्रॉटल दिला की इंजिन गुरगुरतं, धूर ओकतं आणि बंद पडतं. प्लगही थंड होतो. लो-स्पीड नीडल (कमी वेगाला फ्युएल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू) थोडी आवळून आणि एक पायरी गरम प्लग टाकून बरं झालं, पुरतं गेलं नाही. ट्रकमध्ये हा त्रास कधी जाणवला नव्हता, कारण ट्रक आयडलवर उभा राहतच नाही.

९ फेब्रुवारी

एकास पाच पटीचं प्लॅनेटरी रिडक्शन (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारा डबा) आणलं, १,९०० रुपये. ते थेट क्लच बेलला जोडायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. तिथे तीस हजारापर्यंत आरपीएम जातात, एवढ्या वेगाला छोट्या प्लॅनेटरीतलं ग्रीस टिकत नाही. स्परच्या पुढे, गिअरबॉक्सच्या आधी बसवलं. तिथे इंजिनाच्या १२,०००चे ३,२०० होतात. एकूण रिडक्शन आता २००:१.

क्लच धरतो तेव्हाचा वेग ताशी १.३ ते १.४ किलोमीटर. कमाल वेग साडेतीनच्या आत. पायरी चढली! न उडता, न उताणी पडता, एकेक चाक टेकवत. फार आनंद झाला आणि तो लपवायचं कारण नाही. नायट्रोचा तो तारस्वर आणि त्याखाली मुंगीच्या चालीने वर सरकणारी गाडी हे दृश्य मी कुठेच पाहिलं नव्हतं.

मोकळ्या सपाटीवरून दगडापर्यंत न्यायला मात्र जीव मेटाकुटीला येतो. इंजिन पूर्ण ओरडतंय आणि गाडी माणसाच्या मागे पडते आहे.

१६ फेब्रुवारी

आज तिरका कातळ. नवा त्रास टाकीचा.

नायट्रो ट्रकच्या टाकीत फ्युएल ओढणारी नळी तळाशी एका जागी पक्की असते. गाडी ३५-४० अंश कलली की फ्युएल एका कोपऱ्यात जातं, नळी उघडी पडते, इंजिन हवा ओढतं आणि लीन (फ्युएल कमी, हवा जास्त) होऊन बंद. यावर उपाय विमानवाल्यांचा: एअरोमॉडेलच्या टाकीत आत मऊ नळी आणि तिच्या टोकाला पितळी वजन असतं. टाकी कशीही फिरवा, वजन जिथे फ्युएल तिथे जातं. साडेतीनशे रुपयांची तसली टाकी बसवली आणि हवा ओढणं थांबलं.

पण तिरक्या कातळावर उभं चढताना इंजिन तरी बिघडतंच. यामागचं कारण कळायला दुपार गेली. विमानवाले टाकीचा मध्य आणि कार्ब्युरेटर एका पातळीत ठेवतात. आमची टाकी इंजिनाच्या मागे. नाक वर केलं की टाकी कार्ब्युरेटरच्या खाली जाते, फ्युएल कमी पोचतं, मिश्रण लीन. नाक खाली केलं की टाकी वर, मिश्रण रिच (फ्युएल जास्त), इंजिन गुदमरून बंद. चढाला नीडल जुळवावी तर उताराला बिघडते. क्रॉलरचं काम म्हणजे चढ आणि उतारच, सपाटी त्यात नसतेच. टाकी इंजिनाच्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या ओळीत बसवली. पुढेमागे फरक कमी झाला आणि तेवढाच डाव्या-उजव्या कलण्याला वाढला.

यावर खरा उपाय पंपाचा किंवा रेग्युलेटरचा. तो .१५च्या इंजिनाला बसवायचा म्हणजे इंजिनाच्याच किमतीचं काम, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

हेडचं तापमान आयआर गनवर १३० अंशांच्या वर. गाडी पळत नाही म्हणून वारा लागत नाही. कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावून ११५वर आणलं. पंख्याला वेगळी बॅटरी. नायट्रो गाडीत बॅटरी वाढायला लागल्या की विचार करावा.

२३ फेब्रुवारी

कपार. पुढचं उजवं चाक दोन दगडांत अडकलं, थोडा थ्रॉटल दिला आणि कट्. मागच्या ॲक्सलच्या आठ दात्यांच्या पिनियनचे तीन दाते गेले.

हे होणारच होतं, आकड्यांनीच सांगितलं असतं. २००:१ रिडक्शनने इंजिनाचा पीळ (टॉर्क) दोनशे पट होऊन ॲक्सलशी येतो. चाकं मोकळी असली तर टायर घसरतो आणि जोर तिथेच संपतो. चाक दगडांत रुतलं की टायर घसरू शकत नाही, क्लच १२,०००ला घट्ट धरलेला, मग जो भाग सगळ्यात कमजोर तो तुटतो. शिवाय थ्रॉटल सोडला तरी इंजिन आणि फ्लायव्हील खाली यायला क्षणभर घेतात, नेमका तो क्षण महाग पडतो.

आणि कपारीत अडकल्यावर करायचं काय? मागे घ्यायचं. रिव्हर्स नाही! गाडी हाताने उचलावी लागते. क्रॉलरच्या स्पर्धेत हात लावला की दंड बसतो. जुन्या टी-मॅक्स ट्रकमध्ये रिव्हर्ससाठी वेगळा सर्व्हो होता, तसा रिव्हर्स गिअरबॉक्स इथे घालता येईल, पण प्लॅनेटरी, आयडलर आणि पंख्यानंतर चेसीत जागा कुठे आहे? रिव्हर्सशिवाय क्रॉलर चालवणं म्हणजे प्रत्येक वाट पहिल्याच बघण्यात बरोबर निवडायची. या खेळाची गोडी मागे येऊन दुसरी वाट शोधण्यात आहे.

ब्रेकचंही लिहितो. डिस्क ब्रेक थ्रॉटलच्याच सर्व्होवर, दांडा मागे ओढला की ब्रेक, पुढे ढकलला की थ्रॉटल. चढावर उभं राहून पुन्हा निघायचं तर आधी ब्रेक सुटतो, मग इंजिन चढतं, मग क्लच धरतो. तेवढ्यात गाडी वीतभर मागे सरकलेली असते, आणि कातळावर वीतभर म्हणजे बरंच.

२ मार्च

नायट्रो इथे थांबवतोय. यामागे तुटलेल्या दात्यांपेक्षा मोठं कारण आहे.

खाणीच्या काठाचं गवत आता पूर्ण वाळलंय. मिथेनॉलची ज्योत उन्हात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. आज फ्युएल भरताना थोडं सांडलं, पेटलं नाही, पण पुतण्या शेजारी वाकून बघत होता. मी त्याला मागे केलं आणि त्यानंतर इंजिन सुरूच केलं नाही. मार्च ते मे या दिवसांत आपल्याकडच्या माळावर नायट्रो चालवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. चालवायचंच तर जमीन साफ करून, पाण्याचा कॅन हाताशी ठेवून (मिथेनॉल पाण्यात मिसळतं, भरपूर पाण्याने विझतं), आणि फ्युएल भरताना हातमोजे घालून. मिथेनॉल विषारी आहे, त्याने दृष्टी जाते. डबा पाण्याच्या बाटलीसारखा दिसेल अशा जागी ठेवू नये, त्यावर ठळक लिहावं, मुलांपासून लांब ठेवावा.

इंजिनातलं फ्युएल पूर्ण जाळून संपवलं, आफ्टर-रन तेल (इंजिन ठेवून देण्याआधी सोडायचं) सोडलं, फ्लायव्हील फिरवून प्लग लावून ठेवून दिलं. एवढं केलं नाही तर नायट्रोमिथेनने बेअरिंग गंजतात.

९ मार्च

चेसी पुन्हा मूळ रूपात. आयडलर, प्लॅनेटरी, पंखा, टाकी, डिस्क सगळं उतरवलं. मागच्या ॲक्सलला नवी पिनियन-क्राउनची जोडी.

मोटर ब्रश्ड ५४०, ३५ टर्नची, १,१०० रुपये. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे; ते जास्त म्हणजे वेग कमी आणि हळू चालीत ताबा जास्त, क्रॉलरला ३५ ते ५५ टर्न चालतात. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) हॉबीविंगचा १०८०, खास क्रॉलरसाठीचा, कार्डाने सेटिंग बदलता येतात, ३,८०० रुपये. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थ्री-एस (तीन सेलची) २२०० एमएएच, २,१०० रुपये. मोठी ५००० एमएएच घेतली नाही, वजन वर चढतं. बॅलन्स चार्जर २,९००. मोटर, ईएससी आणि वायरिंग एका संध्याकाळी झालं. इंजिन बसवायला महिना गेला होता.

मोटर थांबलेली असतानाच सगळ्यात जास्त पीळ देते. इंजिन थांबलं की संपलंच. खाणीत जे काही घडलं ते सगळं या एका फरकातून आलं आहे. आयडलर, प्लॅनेटरी, क्लच, टाकी, पंखा हे आम्ही त्या फरकावर मारलेले ठिगळ होते, आणि प्रत्येक ठिगळाने दुसरीकडे नवं भोक पाडलं.

१६ मार्च

खाणीत तीच पायरी. थ्रॉटल इतका कमी की चाक फिरतंय की नाही हे बघायला वाकावं लागतं, आणि चाक फिरतंय. पायरी चढली, वर थांबली, मागे आली, दुसऱ्या बाजूने पुन्हा चढली. कपारीत अडकली, रिव्हर्स घेतला, निघाली.

अडचण एक: चढावर थांबल्यावर गाडी केसाकेसाने मागे सरकते, ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा) शंभर टक्के असूनही. ब्रश्ड मोटरचा ड्रॅग ब्रेक म्हणजे मोटरची दोन टोकं शॉर्ट करणं. मोटर फिरायला लागली तरच ती अडवते, पूर्ण थांबलेली असताना धरत नाही. अडचण दोन: लांब चढानंतर मोटर ८५ अंश, हात लावता येत नाही.

दोन्हींना औषध एकच, छोटं पिनियन.

२३ मार्च

पिनियन १५ऐवजी ११ दात्यांचं. एकूण रिडक्शन ५४.६. त्याच चढानंतर मोटर साठीच्या आत, आणि थांबल्यावर गाडी जागची हलत नाही. कमाल वेग गेला, त्याची गरजही नाही. पिनियन १५० रुपयांचं. थ्री-एसवर ३५ टर्नची मोटर लावणाऱ्याने ११ किंवा १२ दात्यांपासूनच सुरुवात करावी.

पिनियन आणि स्परमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर दाबायची, बोल्ट आवळायचे, पट्टी फिरवून काढायची. गिअरमधलं अंतर बरोबर येतं. ग्रब स्क्रूला (पिनियन शाफ्टवर धरणारा छोटा स्क्रू) लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावाच.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळची पूजा आटोपून खाणीत. तिरक्या कातळावर मधोमध गाडी मेली, दोन सेकंदांनी आपोआप जिवंत झाली. नंतर असं वरचेवर व्हायला लागलं. रेडिओचा संशय आला, मोटरच्या वायरचा आला. शेवटी पुतण्याच्या लक्षात आलं: "काका, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मगच बंद पडते."

चाक दगडात रुतलेलं असताना २५ किलोचा सर्व्हो इतका करंट ओढतो की ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारा भाग) पुरा पडत नाही, रिसीव्हरचं व्होल्टेज कोसळतं आणि तो पुन्हा सुरू होतो. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून वेगळा बीईसी आणला, ५०० रुपये, सहा व्होल्टवर ठेवला. ईएससीकडून येणारी लाल वायर रिसीव्हरच्या प्लगमधून काढून टेप मारून ठेवली, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात. त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही.

१३ एप्रिल

वजनाचं काम. फळीवर गाडी आडवी ठेवून फळी उचलत जायचं, वरची चाकं सुटली की कोन मोजायचा. नायट्रो असताना ३६ अंशांना कलंडायची. इंजिन, हेड, पाइप, भरलेली टाकी सगळं चेसीच्या वर होतं, गाडीचं वजन साडेतीन किलोपर्यंत गेलं होतं. मोटरवर तीच गाडी २.७ किलो आणि ४३ अंशांना कलंडते.

बॅटरी मागून काढून पुढच्या ॲक्सलवर, जितकी खाली जाईल तितकी खाली आणली. काकांकडून पुढच्या रिमसाठी पितळी कड्या करून घेतल्या, दोन्ही मिळून १७० ग्रॅम. आता ४८ अंश, आणि उभ्या चढावर नाक उचलत नाही. चाकातलं वजन ॲक्सलच्याच उंचीवर, म्हणजे बरंच खाली असतं, शिवाय स्प्रिंगवर येत नाही, म्हणून तिथला एक ग्रॅम चेसीवरच्या कितीतरी ग्रॅमना भारी. शॉक मऊ ठेवले, तेल पातळ टाकलं.

टायरच्या फोमला मधे चीर दिली, टायर दगडाला जास्त बिलगतो.

४ मे

उन्हाचा कडाका. बॅटरी कारच्या डिकीत ठेवायची नाही. थर्मोकोलच्या डब्यात सावलीत ठेवतो. एक बॅटरी थोडी फुगली, ती बाद केली: फुगलेली लिपो पुन्हा चार्ज करायची नाही, टाचणीही लावायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. चालवून झाल्यावर सेलला ३.५ व्होल्टला थांबतो, ठेवताना ३.८ व्होल्टवर ठेवतो.

८ जून

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. खाणीत पाणी साठलंय आणि कातळ बुळबुळीत आहे. ईएससी वॉटरप्रूफ आहे, रिसीव्हर डब्यात. ब्रश्ड मोटर पाण्यात चालते, पण चिखलाच्या पाण्यात ब्रश लवकर झिजतात. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन, बॅटरी जोडून थोडा वेळ मोकळी फिरवून वाळवतो आणि बुशवर तेलाचा थेंब. ॲक्सलचे बेअरिंग उघडून पाहिले, दोन गंजले होते, बदलले.

नायट्रो असतं तर एअर फिल्टरमधून पाण्याचा एक घोट इंजिनात गेला असता आणि कनेक्टिंग रॉड वाकला असता. पावसाळ्यात निवडायचा प्रश्नच उरत नाही.

१५ जून

खर्च विचारणारे बरेच आहेत म्हणून मांडतो. चेसी, टायर, सर्व्हो दोन्हीकडे सारखेच, ते सोडून.

नायट्रो: लेथची कामं २,६००, प्लॅनेटरी १,९००, टाकी ३५०, क्लच शू आणि बेअरिंग १,४००, ग्लो प्लग १,३५०, तीन लिटर फ्युएल ४,२००. एकूण ११,८००. इंजिन घरचं होतं, ते धरलेलं नाही, तुटलेला ॲक्सलही नाही.

बॅटरी: मोटर १,१००, ईएससी ३,८००, चार्जर २,९००, दोन बॅटऱ्या ४,२००, बीईसी ५००, पिनियन १५०. एकूण १२,६५०.

म्हणजे सुरुवातीचा खर्च जवळपास तेवढाच. पुढचा मात्र नाही. लिटरभर फ्युएल दोन-अडीच तासांत संपतं, म्हणजे तासाला साडेपाचशे ते सातशे रुपये. थ्री-एस २२००ची बॅटरी २४ वॅट-तासांची, ती पाऊण तास चालते आणि भरायला वीज ३०-४० पैशांची लागते.

सध्याचं सेटिंग: ३५ टर्न, पिनियन ११, स्पर ५६, ड्रॅग ब्रेक १००, ईएससी लिपो मोडवर, बीईसी ६ व्होल्ट, बॅटरी पुढच्या ॲक्सलवर, पुढच्या रिममध्ये पितळी कड्या.

इंजिन जुन्या ट्रकमध्ये परत बसवलंय. हिवाळ्यात, मोकळ्या सपाट मैदानावर ते पुन्हा पळवणार. तिथे त्याला तोड नाही.